डिरेक्टरीवाले सर

आमच्या सरांच्या खोलीचं दार ढकललं की आतनं पहिला आवाज यायचा, "कोण?"

आता दार काचेचं. बाहेरचा माणूस डोक्यापासनं चपलेपर्यंत दिसतोय. तरी "कोण?" आपण म्हणायचं, "सर, मी." की लगेच उत्तर, "मी तर मी पण हाय. नाव सांगा." मग नाव सांगायचं. मग ते मान हलवणार. मग पुढचं, "हां. आता काम सांगा."

आधी कोण ते, मग काय पाहिजे ते. हा क्रम चुकला की तुम्ही दारातच. प्राचार्यांना पण सूट नव्हती. एकदा प्राचार्य घाईघाईत आले, "अहो माझं इंटरनेट..." एवढंच बोलले, तर सर खुर्चीतनं उठले, हात जोडले आणि लई अदबीनं म्हणले, "नमस्कार सर. कोण आपण?"

प्राचार्य हसले बिचारे. सांगितलं नाव. आडनावासकट.

ही नक्कल मी कुठंही करतो. कँटीनमध्ये, बसस्टॉपवर, सुट्टीला मोडनिंबला गेलो की घरी जेवताना. आमची आई म्हणती, "म्हाताऱ्या मानसाची चेष्टा करू नये." आणि भाकरी थापता थापता परत म्हणती, "ते प्राचार्याचं कर की."

नकला मी शाळेपासनं करतो. मास्तर झाले, सरपंच झाले, एसटीचा कंडक्टर झाला, बाजारातला लिंबूवाला झाला. त्या सगळ्यांपेक्षा सर अवघड. लिंबूवाला कसा, ओरडला की निम्मी नक्कल तिथंच होती. सर ओरडायचे नाहीत, हात नाचवायचे नाहीत. ते काही करतच नाहीत असं वाटायचं, आणि बघावं तर सगळं करून बसलेले असायचे.

आमचं कॉलेज कुंभारीच्या बाजूला, गावाबाहेर, इंजिनिअरिंगचं. मी तिथं लॅब असिस्टंट म्हणून लागलो आणि मला सरांच्या हाताखाली दिलं. सर तेव्हाच रिटायर झालेले. पण त्यांच्याशिवाय पान हलत नाही म्हणून दरवर्षी त्यांना एक वर्षाची मुदतवाढ मिळायची. सर्व्हर रूम त्यांची. तिथं एसी कायम चालू, कारण मशीनला गरम सोसत नाही. बाहेर सोलापूरचा मे महिना, डांबर चपलेला चिकटतंय, आणि आत आमचे सर कानटोपी घालून, हाफ स्वेटर घालून, मांडीवर चादर घेऊन बसलेले. उन्हाळ्यात निम्मा स्टाफ खोट्या तक्रारी घेऊन त्यांच्याकडं यायचा. "सर, माझा पासवर्ड चालतोय का बघता जरा?" सर सगळ्यांना बसू द्यायचे. म्हणायचे, "बसा. तक्रार खोटी हाय, पण घाम खरा हाय."

घरी त्यांच्या तेलुगू. वडील आयुष्यभर मागावर, साखरपेठेकडं. बायकोचा फोन आला, स्क्रीनवर नाव दिसतंय, फोटो दिसतोय, तरी सर फोन कानाला लावून म्हणणार, "एवरु?" म्हणजे कोण. पलीकडनं त्या काय म्हणायच्या ते मला कळायचं नाही, पण सरांचे कान कानटोपीतसुद्धा लाल झालेले दिसायचे. मी एकदा म्हणलं, "सर, नंबर ओळखीचा असतोय की." तर म्हणले, "नंबर ओळखीचा असतोय. बोलणारा कोण, ते नंबरला काय म्हाइत?"

त्यांच्या ताब्यात कॉलेजची डिरेक्टरी होती. डिरेक्टरी म्हणजे जाडजूड पुस्तक नव्हे. एक सर्व्हर. त्यात कॉलेजातल्या प्रत्येकाची नोंद. नाव, आडनाव, शाखा, पासवर्ड. लॅबमधला कॉम्प्युटर, वायफाय, लायब्ररी, ऑनलाईन परीक्षा, सगळे ह्या एकालाच विचारणार, हा आपला का? त्यानं हो म्हणलं तर दार उघडणार. त्यात तुमचं नाव नसलं तर तुम्ही फी भरा, पहिल्या बाकावर बसा, कॉम्प्युटरच्या लेखी तुम्ही अजून जन्मलेलाच नाही.

आणि नवीन नाव घालायचं तरी तो आधी घालणाऱ्यालाच विचारणार, तू कोण? ॲडमिनचं पूर्ण नाव सांग, पासवर्ड सांग. दोन्ही जुळलं तरच नोंद घेणार. मला आधी वाटायचं, सरांनी सर्व्हरला आपली सवय लावलीय. नंतर कळलं, उलटं झालंय.

नाही जुळलं तर तो एकच ओळ तोंडावर मारतो. इनव्हॅलिड क्रेडेन्शियल्स, म्हणजे ओळख पटली नाही, नंबर एकोणपन्नास. नाव चुकलं तरी एकोणपन्नास, पासवर्ड चुकला तरी एकोणपन्नास. मी एकदा वैतागून म्हणलं, "सर, काय चुकलं तेवढं तरी सांगावं की ह्यानं."

सर म्हणले, "बाबा, रात्री तुझ्या दारात चोर आला. म्हणाला, किल्ली लागत न्हाय. तू त्याला सांगणार का, किल्ली बरोबर हाय, फक्त घर चुकलं?"

असं बोलायचे. आणि बोलून झालं की चादर सारखी करायचे, जणू काही बोललेच नाहीत.

ॲडमिशनच्या दिवसांत त्यांची खोली बघण्यासारखी असायची. बाकीच्या कॉलेजांत म्हणे नावांची फाईल सर्व्हरला दिली की झालं. आमचे सर एकेका पोराला समोर बोलवायचे. नाव आधी तोंडानं सांगायला लावायचे, घरी कसं हाक मारतात तसं. सोलापूरची पोरं म्हणजे कुणाचं आडनाव तेलुगू, कुणाचं अक्कलकोटकडचं कानडी, कुणाच्या नावाचे उर्दूत चार तुकडे. फॉर्मवर त्याची पार भाजी झालेली असायची.

एकदा मंगळवेढ्याकडचा एक पोरगा आला. मेंढपाळाच्या घरातला. नाव आणि वडलांचं नाव, पुढं काहीच नाही. डिरेक्टरीत आडनावाची जागा रिकामी ठेवून चालत नाही. सर्व्हर नोंदच घेत नाही.

सर म्हणले, "आडनाव?"

"न्हाय सर."

"आसं कसं न्हाय?"

"शाळेत घालताना बाप मेंढरं घिऊन लांब गेलता. आज्यानं सांगितलं तेवढंच गुरुजींनी लिवलं."

मी मागनं शहाणपणा केला. "सर, टिंब टाका की. सगळीकडं टिंबच टाकतात."

सरांनी चष्मा काढला. सर चष्मा काढायला लागले की समजायचं, आपलं काय खरं नाही. "टिंब? जित्या माणसाच्या मागं टिंब?" मग पोराकडं वळले. "तुला गावात कसं वळखतात रे? कुणाचा म्हणतात?"

"बिराप्पाचा."

"मग झालं की." आणि आडनावाच्या जागी त्यांनी बापाचंच नाव, बिराप्पा, लिहिलं. पोरगा गेल्यावर मला म्हणले, "बाप तिकडं मेंढरांच्या मागं असंल. हितं पोराच्या मागं उभा केला."

मग पासवर्डची पाळी. पासवर्ड पोरांनी स्वतः टाईप करायचा. पोरगं खुर्चीत बसलं की सर भिंतीकडं तोंड करून उभं राहायचे, दोन्ही कानांत बोटं घालायचे आणि मोठ्यानं गुणगुणायचे. पोरी हसून हसून लाल व्हायच्या. मला पण कळेना, पाठ फिरवली ते ठीक, कान कशाला बंद?

"पाठ फिरवली म्हणून काय झालं? ऐकू येतंय की."

कॉम्प्युटर यायच्या आधी सर टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे. एका हॉलमध्ये ओळीनं टाईपरायटर, सगळे एकदम खडखडतायत, आणि सर दारात उभं राहून नुसत्या आवाजावरनं सांगायचे, खिडकीजवळच्या पोरीचं डावं बोट चुकतंय. माझा विश्वास बसला नाही. मी म्हणलं, "सर, ह्या कीबोर्डाचा आवाज तरी येतो का?" त्यांनी मला बसवलं, पाठ केली, कान उघडे ठेवले आणि म्हणले, "तुझा पासवर्ड मार." मी मारला. सर वळले. वाईट वाटल्यासारखं तोंड केलं.

"गावाचं नाव पासवर्ड ठेवू नये, मोडनिंबवाले."

मी तिथंच बदलला. ते कानांत बोटं घालून उभे.

अशा माणसाच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. शुगर होतीच. डॉक्टरांनी सांगितलं, आता चालढकल नाही. एक डोळा आधी करायचा, मग दुसरा, आणि मधल्या काळात स्क्रीनकडं बघायचं नाही. सरांनी तोंड एवढंसं केलं. डोळ्याचं काय नव्हतं त्यांना. पहिल्या वर्षाची पोरं यायची होती, आणि त्यांची नावं घालायला सर नसणार.

मला तोंडानं सगळं शिकवलं. पोरांची नावं फाईलमध्ये कशी मांडायची, ती सर्व्हरमध्ये घालणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, कशी चालवायची. राहिला ॲडमिनचा पासवर्ड. तो सरांनी आयुष्यात कधी कुठं लिहिला नव्हता. दरवेळी हातानं मारायचे. जायच्या आदल्या दिवशी मला खोलीबाहेर काढलं, एका छोट्या फाईलमध्ये पासवर्ड लिहिला, स्क्रिप्टला सांगितलं की तो तिथनं वाच, आणि मला आत बोलावलं.

"ती फाईल उघडायची न्हाय."

"न्हाय सर."

"तुझ्यावर इश्वास न्हाय म्हणून न्हाय रे." कानटोपी काढून परत घातली. "उद्या काय बिघडलं, चौकशी झाली, पासवर्ड कुणाकुणाला म्हाइत होता, तर त्यात तुझं नाव नको. तुझी नोकरी अजून कच्ची हाय."

मी मान हलवली. एरवी मी लगेच काहीतरी विनोद करतो.

सरांचं ऑपरेशन झालं. शनिवारी पोरांची यादी आली. सोमवारी त्यांची पहिली परीक्षा, कॉम्प्युटरवरच. मी नावं मांडली, दोनदा तपासली आणि सरांसारखंच बोट उचलून स्क्रिप्ट चालवली.

इनव्हॅलिड क्रेडेन्शियल्स. एकोणपन्नास.

परत चालवली. एकोणपन्नास.

आता घाबरून चालणार नव्हतं. सरांचा मंत्र होता, "चूक कुटं हाय ते बघ. कुणाची ते सोड." म्हणून एकेक बघत गेलो. सर्व्हर जागा आहे का? आहे. माझ्या स्वतःच्या नावानं आत जाऊन बघितलं, घेतलं त्यानं. म्हणजे डिरेक्टरी धडधाकट. ॲडमिनचं नाव बरोबर आहे का? हे नाव म्हणजे पत्त्यासारखं असतं, माणूस, त्याचा विभाग, त्याचं कॉलेज, सगळं ओळीनं द्यावं लागतं. एक स्वल्पविराम इकडचा तिकडं झाला तरी ओळख नाही. सरांनी शिकवताना सांगितलेलं, मी वहीत उतरवलेलं नाव आणि स्क्रिप्टमधलं नाव शेजारी शेजारी ठेवून अक्षर अक्षर जुळवलं. बरोबर.

सगळं बरोबर निघत गेलं आणि शेवटी एकच राहिलं. पासवर्ड. म्हणजे सर.

तेवढ्यात रजिस्ट्रार साहेब आले. माणूस वाईट नाही. पण वरनं संस्थेचे फोन, खालनं पालकांचे फोन, मधे साहेब. सँडविच झालेला माणूस. त्यांना मी खरं ते सांगितलं.

"फाईल उघड," साहेब म्हणले.

"सरांनी नको म्हणलंय."

"मी सांगतोय ना."

"साहेब, मी शब्द दिलाय."

साहेबांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी शब्द नाही, त्यांची गाडी देऊन टाकलीय कुणाला. मग खिशातनं फोन काढला, सरांना लावला आणि स्पीकरवर टाकला.

"कोण?"

"मी रजिस्ट्रार बोलतोय."

"नमस्कार. काम सांगा."

"तुमचा पासवर्ड चालत नाहीये."

"बरोबर हाय तो."

"चालत नाही म्हणतोय मी. सांगा बघू, काय आहे तो."

"फोनवर सांगत नसतो साहेब."

"अहो, मला?"

"तुमीच हाय असं वाटतंय खरं आवाजावरनं," सर म्हणले. "पण त्या पोराला तुमचा आवाज पण काढता येतो."

साहेब सावकाश माझ्याकडं वळले. मी स्क्रीनवर काहीतरी लई महत्त्वाचं बघायला लागलो.

फोन ठेवल्यावर साहेब खुर्चीत बसले. चिडून बोलले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे बोलले. "बघ बाबा. दिवाळीत त्यांची मुदत संपते. आता मुदतवाढीचा कागद माझ्या टेबलावर येणार. आणि बरोबर आत्ताच पासवर्ड चालत नाही. फाईल उघडू देत नाहीत, फोनवर सांगत नाहीत. म्हणजे ते येईपर्यंत सगळं अडून बसलं पाहिजे. ह्याला काय म्हणायचं?"

"सर तसं करणार न्हाईत."

"मलाही तसंच वाटायचं." उठले. "पुण्याहून एक कंपनीचा माणूस संध्याकाळी पोचतोय. तो सगळं पुसून नव्यानं टाकणार. आणि सरांना मी कळवतो, आता यायची गरज नाही म्हणून."

गेले. मी तिथंच. सरांनी एकेका पोराला विचारून घातलेली सगळी नावं संध्याकाळी पुसली जाणार होती. ती तरी परत घालता आली असती. पण सर कॉलेजमधनं जाणार ते लबाड म्हणून. आपली खुर्ची टिकावी म्हणून खोटी किल्ली देऊन गेलेला म्हातारा. हे एकदा पसरलं की पुसायला कुठला माणूस बोलवणार?

लायब्ररीतल्या मुल्ला मॅडम डबा घेऊन आल्या. त्यांच्याकडं बातमी आधीच पोचलेली. सरांच्या बरोबरीनं नोकरीला लागलेल्या त्या.

"सर झूट नै बोलते," म्हणल्या. "तू देखा नै क्या, प्राचार्य को भी नाम पूछते. ऐसा आदमी गलत पासवर्ड लिखके जाता?"

"मग चुकला असंल."

"उनों? टायपिंग में?"

ते पण खरं. सरांचं बोट चुकणार नाही. म्हणजे सर खोटं बोलणार नाहीत, सर चुकणार नाहीत, आणि पासवर्ड तर चालत नाही. माझं डोकं चालेना. आणि डोकं चालेनासं झालं की मी एकच गोष्ट करतो.

सरांच्या खुर्चीत बसलो. त्यांची चादर मांडीवर घेतली. मॅडम म्हणल्या, "ये वक्त है क्या नकल का?" पण मला बघायचं होतं, ती फाईल त्यांनी कशी लिहिली असंल. मला बाहेर काढल्यावर ते कसे बसले असतील. पाठ ताठ. मनगटं वर, इन्स्टिट्यूटमध्ये शिकवतात तशी. चष्मा नाकाच्या टोकावर. मग टाईप करायचं, प्रत्येक बोट आपल्या जागेवरनं उठून आपल्याच जागेवर परत. मी उगाच काहीतरी अक्षरं मारली. आणि ओळ संपल्यावर माझी करंगळी झटक्यात एन्टरवर आपटली आणि डावा हात आपोआप हवेत गेला, टाईपरायटरचं कॅरेज, म्हणजे कागदाचा सरकता रूळ, ओळीच्या सुरुवातीला ढकलायला.

मॅडम फस्सकन हसल्या. माझ्या नकलेत शेवटचा हशा इथंच येतो. सर व्हॉट्सॲपवर "बरं" एवढंच लिहायचे तरी त्याखाली एक रिकामी ओळ सोडायचे. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणले होते, "ओळ संपली की कॅरेज परत आणून ठेवायचं. पुढच्या माणसाला अर्ध्यात सोडायचं न्हाय."

माझा डावा हात हवेतच राहिला.

"मॅडम."

"क्या हुआ?"

"त्यांनी एन्टर मारला असणार."

पासवर्ड हातानं मारला की शेवटी एन्टर मारावाच लागतो. तो पासवर्डात धरत नाहीत. पण फाईलमधनं वाचायला सांगितलं की सर्व्हरकडं फाईलमधलं सगळंच्या सगळं जातं. शेवटचा न दिसणारा एन्टर पण. सरांनी आयुष्यभर हातानंच मारला, फाईल कधी केलीच नव्हती. पासवर्ड अगदी बरोबर, आणि त्याच्या शेपटाला हात जोडून उभा असलेला एक एन्टर.

आता फाईल उघडून तो काढता आला असता. किंवा पासवर्ड वाचून हातानं मारला असता तरी चाललं असतं. पण शब्द दिलेला. म्हणून न उघडता, फाईलच्या शेवटचा एन्टर तेवढा काढून टाक, अशी कमांड दिली. स्क्रीनवर काहीच दिसलं नाही. आंधळ्यासारखं काम. मग स्क्रिप्ट चालवली.

स्क्रीनवर पहिलं नाव सरकलं. मग दुसरं. मग पाऊस पडल्यासारखी नावं पडायला लागली. मॅडमनी डब्याचं झाकण टेबलावर वाजवलं.

साहेबांना बोलवून आणलं. ते उभ्या उभ्या नावं बघत राहिले. "मग चूक कुणाची होती?"

मी म्हणलं, "एन्टरची."

साहेबांनी मला नीट समजावून सांगायला लावलं. दोनदा. मग बाहेर व्हरांड्यात जाऊन पुण्याच्या माणसाला फोन केला, टेंभुर्णीपर्यंत आला असंल तर जेवून परत जा म्हणले. परत आले, दारात थांबले आणि म्हणले, "मी त्यांच्याविषयी जे बोललो ते..."

"मी काय ऐकलं न्हाय साहेब."

संध्याकाळी सरांच्या घरी गेलो. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, खाटेवर बसलेले. त्यांच्या बायकोनं दार उघडलं आणि मी चप्पल काढायच्या आतच त्यांनी सांगायला सुरुवात केली. "बरं झालं आलास बाबा. दुपारी तो फोन झाला तवापासनं जेवले नैत. मांडीवर बोटं नाचवतायत नुसती. मी म्हणलं पेटी वाजवताय का?"

मी सरांच्या मांडीकडं बघितलं. बोटं चालू होती. अजून. पासवर्ड मारून बघत होते, परत परत. साहेबांशी फोनवर एवढं ताठ बोललेला माणूस घरी बसून स्वतःला तपासत होता, आपल्याला बरोबर आठवतंय ना म्हणून.

"सर, चालला पासवर्ड," मी आधी तेच सांगितलं. "बरोबरच होता."

बोटं थांबली. "उघडलीस?"

"न्हाय."

मग सगळं सांगितलं. एन्टरचं आलं तसं सर हसायला लागले. डोळ्याला त्रास होतो म्हणून हसायचं नव्हतं, तर पट्टी धरून हसले. बायकोला तेलुगूत काहीतरी सांगितलं. त्या पण हसल्या. मग सर म्हणले, "म्हणजे माझीच की रे चूक."

"कुणाची ते सोडा सर."

"न्हाय, न्हाय. दुसऱ्याची सोडायची. आपली धरायची." आणि बायकोला म्हणले, "ह्याला वाढ. मला पण वाढ."

कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वांग्याची भाजी. सर असं जेवले की त्यांच्या बायकोनं परत तव्यावर भाकरी टाकली.

मुदतवाढ मिळाली. रजिस्ट्रार साहेब स्वतः कागद घेऊन आले होते. पण दुसरा डोळा काही नीट झाला नाही. सर यायचे, बसायचे, स्क्रीनवरची अक्षरं हळूहळू मोठी करत जायचे. पुढं पुढं एका स्क्रीनवर एकच नाव मावायला लागलं. एक दिवस सर म्हणले, "आता मी नाव वाचत न्हाय, आठवतो. हे काय खरं न्हाय." आणि स्वतःच राजीनामा दिला.

शेवटच्या दिवशी ॲडमिनचा कारभार माझ्या नावावर करून झाला. साहेब मुद्दाम आले. म्हणले, "सर, तुमचं नाव राहू दे डिरेक्टरीत. अधनंमधनं काही अडलं तर तुम्ही असावेत."

"अडलं तर फोन करा. नाव कशाला?" सर म्हणले. "गेलेल्या माणसाचं नाव आत ठेवायचं न्हाय साहेब. माझ्या मागनं कोण आत शिरंल, तुमाला काय म्हाइत?" मग माझ्याकडं वळले. "काढ."

मी त्यांची नोंद काढली. एवढी वर्षं पोरांची नावं घातली, काढली पण. पास होऊन गेलेल्यांची आम्ही दरवर्षी काढतोच. कधी बोट अडलं नव्हतं.

"सरक आता," सर म्हणले.

माझ्या जागी बसले. स्क्रीनला नाक लावलं. आपलं नाव टाईप केलं, पूर्ण, विभागासकट, कॉलेजासकट. पासवर्ड मारला. सर्व्हरनं क्षणभर विचार केल्यासारखं केलं आणि म्हणला, इनव्हॅलिड क्रेडेन्शियल्स.

मी खिडकीकडं बघायला लागलो. साहेब पण.

"तोंड कशाला पाडतोस?" सर म्हणले. "मला घेतलं न्हाय त्यानं. म्हणजे तू काम नीट केलंस."

मग खात्रीसाठी परत एकदा टाईप केलं, पहिल्यापेक्षा सावकाश. त्यानं परत नाही म्हणलं. तेव्हा कुठं सर खुर्चीतनं उठले.